मी वाळूत, माझा फोन नरखेडात

वाडी, नागपूर
१८ नोव्हेंबर २०२५

माया,

जय भीम. हे पत्र एकटी बसून वाच. तुझे धोंडबाजी जवळ असतील तर त्यांना बगीच्यात काहीतरी पाहायला पाठव.

मी जीप घेऊन राजस्थानच्या वाळवंटात जाणार आहे. एकटी. तंबू घेऊन. आता पत्र खाली ठेव, पाणी पी, मग पुढचं वाच.

प्याली? मग ऐक. परवा रविवारी प्रशिक आणि अबोली आले होते. त्यांच्या बेसाच्या फ्लॅटमध्ये माझी खोली तयार झाली म्हणे. सून गुणाची आहे, पडदेसुद्धा माझ्या आवडीचे हिरवे लावले. पण पडद्यांच्या पाठोपाठ प्रशिकनं दुसरी गोष्ट काढली. उमरेडचे कोणी मार्तंडराव जीप घ्यायला तयार आहेत. "आई, ते गाडी उभ्या उभ्या सडून राहिली. विकून टाकू, गॅरेजची जागा सोडू, अन् तू चाल आमच्याकडं." मी म्हटलं, सडते कुठं, दर रविवारी चालवते मी. तर म्हणतो, "तेच तर. सत्तावन्न वर्षांची बाई अन् गोदामाच्या ट्रकांमधून जीप हाकते. काही झालं म्हणजे?"

एवढं बोलून जीपकडे पाठ करून बसला. तुझ्या दादानं जंगल खात्याच्या लिलावातून ती मोडकी जीप आणली आणि तिचा एकेक नट हातानं बसवला. तिच्याकडे पोरगा पाहतसुद्धा नाही. फ्लॅटमध्ये राहायला गेल्यापासून त्याला बापाच्या ग्रीसची लाज वाटते की काय कोण जाणे.

मी जानेवारीपर्यंत थांबायला सांगितलं. तो हो म्हणाला.

तू विचारशील, वाळवंटच काहून? रद्दीच्या दुकानातून मी वाचायला गठ्ठे आणते ते तुला माहीत आहे. त्यात कोणाचं तरी भूगोलाचं जुनं पुस्तक निघालं. आत वाळवंटाचा फोटो. वाळू, वाळू, आणि रस्ता नाही. तो फाडून मी ओट्यासमोर चिकटवला. भाजी परतताना रोज पाहते. एक दिवस मनात आलं, जिथं रस्ताच नाही तिथं रस्ता चुकणार कसा? तेव्हापासून मला हसू येऊन राहिलं. तुझे दादा गेल्यापासून अडीच वर्षांत असं पोटातून हसू आलं नव्हतं.

तुझ्या दादाची आठवण काढायला जाते असं समजू नको. त्यांची आठवण इथंच येते, रोज दुपारच्या चहाला. त्यासाठी एवढं डिझेल जाळायची गरज नाही. आणि त्यांना वाळवंट आवडलंही नसतं. त्यांना दर दहा किलोमीटरवर टपरी लागायची. हे माझं एकटीचं आहे.

माझ्यावर मीच एक अट घातली आहे आणि तुला साक्षीला ठेवते. वाळूत शिरल्यापासून वाळूतून बाहेर येईपर्यंत कोणाचीही मदत घ्यायची नाही. जमलं, तर जीप माझी, वाडीची खोली माझी, आणि प्रशिकला तोंडावर सांगेन की मी कुठं येत नाही. नाही जमलं, मदत घ्यावी लागली, तर चावी त्याच्या हातात ठेवून बेसाला राहायला जायचं. कुरकुर न करता.

तुझ्याकडून एकच काम. मी संत्र्याच्या तोडणीला तुझ्याकडे आली आहे असं प्रशिकला सांगायचं. आणि त्यानं घेऊन दिलेला मोठा फोन, जो मी कुठं आहे ते त्याला दाखवतो, तो तुझ्याकडे ठेवायचा. मी बटणांचा जुना फोन नेईन, तोही बंद.

प्रेमिला


भारसिंगी, ता. नरखेड
२२ नोव्हेंबर २०२५

वहिनी,

मी पाणी प्याली, मग चहा प्याली, मग पुन्हा पाणी प्याली. डोकं ठिकाणावर हाय का वं तुझं? तिथं साप हाय, विंचू हाय, अन् सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एक झाड नाही. बाईमाणसानं सकाळी जायचं कुठं? याचा विचार केला का तुझ्या भूगोलानं?

रागावून तीन दिवस पत्र लिहिलं नाही. मग काल तोडणीच्या बाया संत्रे पेट्यांत भरून राहिल्या होत्या अन् मले एकदम आठवलं. माझं लग्न झालं, मी इथं आली, अन् तुले पत्र टाकलं. तुले वाचता येत नव्हतं. ते पत्र शेजारच्या वामनरावानं वाचून दाखवलं अन् माझ्या सासूच्या कागाळ्या साऱ्या वाडीले ऐकवल्या. त्या रागात तू वाचायले शिकली. ट्रकाच्या पाट्यांवरून अन् ऑइलच्या डब्यांवरून. सहा महिन्यांनी तुझ्या हातचं पहिलं पत्र आलं, त्यात सासूच्या जागी 'सावधान' लिहिलं होतं, कारण तोच शब्द तुले नीट काढता येत होता. जी बाई टँकरच्या पाठीवरून अक्षरं शिकली, ती वाळूतून बी निघंल.

म्हणून हाव. पण जाताना माझ्याकडून जायचं. चिवडा, तिखट, ज्वारीच्या पापड्या बांधून देते. कापूस येचून उरलेल्या पराटीचा एक भारा बी देते, चाक फसलं तर खाली टाकायले. अन् फोनवर मी "जेवली का, झोपली का" शिवाय काही बोलू शकत नाही हे तुले ठाऊक हाय. तवा जिथं पोस्ट दिसंल तिथून पत्र टाकायचं. पहिलं माझं पत्र बाडमेरच्या पोस्टात तुझी वाट पाहंल, पोस्टमास्तरच्या हवाली. दुसरं जैसलमेरले.

धोंडबाजींना मी सांगितलं नाही. ते स्वतःच म्हणाले, "तुझी वहिनी कुठं चालली?" मी म्हटलं, कुठं नाही. तर म्हणतात, "मग तू एकटीच काहून हसून राहिली?"

माया


भारसिंगी
४ डिसेंबर २०२५
(पोस्टमास्तर, बाडमेर यांच्या हवाली)

वहिनी,

तुले जाऊन दोन दिवस झाले अन् मी आतापर्यंत इतकं खोटं बोलली की पुढच्या साऱ्या पौर्णिमांचे उपास कमी पडतील.

परवा प्रशिकचा फोन आला. मी म्हटलं, आई बगीच्यात हाय. दुपारी आला. आई आंघोळीले गेली. संध्याकाळी आला. आई पुन्हा आंघोळीले गेली. "आत्या, आई इतक्या वेळा आंघोळ काहून करून राहिली?" मी म्हटलं, संत्र्याचा चीक लागते गा हाताले. तर त्यानं तोंड दिसणारा फोन लावला! मी घाबरून तो पिठाच्या डब्यात टाकला अन् झाकण लावलं. पिठातून वाजून राहिला बिचारा. धोंडबाजी म्हणे, पिठाले कीड लागली वाटते. आता चार्ज झाला की तो तिथंच ठेवते.

मग मले सुचलं. मी त्याले फोन करून सांगितलं की आई विपश्यनेले गेली. दहा दिवस मौन, फोन जमा, कोणाशी बोलणं नाही. शिबिर संपलं की तिथंच स्वयंपाकघरात सेवेले थांबणार. आहे की नाही पक्कं? आता महिनाभर तुझा आवाज नाही आला तरी कोणी विचारत नाही. तो म्हणाला, "बरं आत्या." पटलं त्याले.

तू कुठं हाय? जेवली का?

माया


बाडमेर
९ डिसेंबर २०२५

माया,

तुझं पत्र मी पोस्टाच्या पायरीवर बसून वाचलं आणि इतकी हसली की पोस्टमास्तर पाणी घेऊन आले. त्यांना वाटलं कोणी गेलं. अगं, प्रेमिलानं हत्ती पाळला असं सांगितलं असतं तर वाडीत लोकांना पटलं असतं. दहा दिवस मौन! तुझे दादा म्हणायचे, हिला भूल दिली तरी ही डॉक्टरला टाके कसे घालायचे ते सांगेल.

मी इथं सहा तारखेला पोहोचली. जीपनं एकदाही तोंड वाकडं केलं नाही. इंदूरच्या पुढं टोलवरच्या माणसानं आत वाकून पाहिलं, "मालिक कहाँ हैं?" मी म्हटलं, स्टिअरिंगपर बैठे हैं. रतलामच्या ढाब्यावर ट्रकवाल्यांनी मला मधोमध बसवून चहा पाजला आणि बॉनेट उघडून दाखवायला लावलं. एक म्हातारा सरदार म्हणाला, ये इंजन किसी ने प्यार से बांधा है. मी हो म्हटलं. पुढचा चहा घेतला नाही, निघाली.

सहा डिसेंबर होता म्हणून संध्याकाळी बॉनेटवर मेणबत्ती लावली. वाऱ्यानं राहीना. शेवटी तेलाच्या रिकाम्या डब्यात ठेवली, तशी राहिली. बाबासाहेबांना वंदन केलं, आणि मग त्याच उजेडात तुझा चिवडा संपवला. तिखट जास्त झालं आहे. पण चांगलं झालं आहे.

उद्या पक्का रस्ता सोडते. सरहद्दीकडचा परवानगीचा भाग टाळून आतल्या वाळूतून जैसलमेरकडे. पाण्याचे तीन डबे, डिझेलचे दोन, टपावर तुझा पराटीचा भारा. चारही चाकांत टणक हवा भरली, बोटानं ठोकली तर ढोलकी वाजते. चिखलात टायर टणकच पाहिजे, म्हणजे तो कापत खाली कडक जमिनीला लागतो, हे तुझ्या दादानं काटोलच्या प्रत्येक नाल्यात मला घोकून घेतलं होतं. तयारी अशी की मलाच माझं कौतुक वाटून राहिलं.

माया, मी सत्तावन्न वर्षांची आहे आणि काल तंबू ठोकताना मी गाणं म्हटलं. शब्द येत नव्हते तिथं खिळ्यांची नावं घातली.

प्रेमिला


वाळूतून
१२ डिसेंबर २०२५

माया,

इथं पोस्ट नाही, घर नाही, आवाज नाही. कोणी जाणारं भेटलं तर हे पत्र देईन.

हे इतकं सुंदर आहे की मी पुढं गेलीच नाही. तीन दिवस एकाच ठिकाणी मुक्काम आहे. सकाळी वाळू गुलाबी असते, मग पिवळी, मग पांढरी, संध्याकाळी पुन्हा गुलाबी. घाई कशाला करायची? मी दुपारी जीपच्या खाली सावलीत पडून राहते. जागा छान आहे, जीप आता बरीच जमिनीजवळ आहे. सकाळ-संध्याकाळ थोडं खोदकाम करते. व्यायाम होतो, भूक चांगली लागते. पराटीचा भारा वापरून संपला. पाणी मोजून पिते, चांगली सवय आहे. एक डबा कलंडला, पण दोन होतेच, आणि आता एक आहे.

तू झाडाबद्दल विचारलं होतं. दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत पाहायला कोणी नसलं की झाड लागत नाही.

एक गोष्ट सांगते. काल मी दिवसभर एक शब्द बोलली नाही. ठरवून नाही, तसंच झालं. आजपर्यंत घरी शांतता झाली की मी ती भरून काढायची, रेडिओनं, भांड्यांनी, तोंडानं. तुझे दादा गेल्यावर तर जास्तच. इथली शांतता भरायला कितीही भांडी आणली तरी पुरायची नाहीत. मी सोडून दिलं. मग ते आले. म्हणजे आले नाहीत, गेलेला माणूस येत नाही, हे मला कळतं. पण ते नाहीत ही गोष्ट माझ्या बाजूला येऊन बसली, आणि आम्ही दोघी आरामात बसलो.

बाकी मी मजेत.

प्रेमिला

ता. क. १३ तारीख. आज पुढं निघाली. सविस्तर जैसलमेरहून.


भारसिंगी
२० डिसेंबर २०२५
(पोस्टमास्तर, जैसलमेर यांच्या हवाली)

वहिनी,

तुझं वाळूतलं पत्र काल आलं. माझ्या घरी पाच एकर बगीचा हाय, दोन बैल हाय, अन् जगात कोणी गंमत म्हणून तीन दिवस खोदत नाही हे मले समजते. तू फसली होती. खाली "पुढं निघाली" लिहिलं म्हणून जीव भांड्यात पडला, नाही तर मी पायी निघाली असती.

आता मोठी गोष्ट. आज सकाळी प्रशिक आला. मोटरसायकलवर, एकटा, न सांगता. दारात उभा राहून त्यानं तुझा नंबर लावला. अन् पिठाचा डबा वाजला.

मी म्हटलं, प्रशिक, बस गा, चहा टाकते. तो म्हणाला, "आत्या, आई अन् दहा दिवस चूप? मले तवाच समजलं. पण मी थांबलो. मनलं एखादवेळी खरंच गेली असंल, तिले बरं वाटत असंल, तर आपण काहून आड यावं. शिबिर चौदाले संपलं असतं. फोन आला नाही. आता सांग ते कुठं हाय."

सांगितलं. काय करू? तुझं पत्रच त्याच्या हातात दिलं. त्यानं वाचलं, अन् दुसऱ्या ओळीतच हसला. रडवेला होऊन हसला. "रोज खोदकाम करते म्हणे! जीप जमिनीजवळ हाय म्हणे! आई फसली होती, आत्या." मग खालची ओळ वाचली. मग मले विचारलं की टायरमध्ये हवा किती होती. मी म्हटलं, ढोलकीसारखी. त्यानं कपाळाले हात लावला.

मी म्हटलं, तुले एवढं समजते तर त्या जीपची लाज काहून वाटते? तो म्हणाला, "लाज? आत्या, मी तिच्यात बसू शकत नाही."

वहिनी, तो मनात काय धरून बसला हे तुले माहीत नाही, मले बी नव्हतं. दादाले त्या दिवशी गॅरेजमध्ये चहा पिता पिता छातीत कळ येऊन जे झालं, तवा जीपमध्ये टाकून दवाखान्यात प्रशिकनंच नेलं. तू मागं दादाले धरून होती. प्रशिकच्या हातून वाडी नाक्यावर गाडी दोनदा बंद पडली. क्लच सुटला त्याचा, कधी ते गाडी नीट शिकलाच नव्हता. चार मिनिटं गेली. त्याच्या डोक्यात अडीच वर्षं त्या चार मिनिटांचा हिशेब चालू हाय. म्हणून विकायची हाय त्याले. पडदे-बिडदे सगळं नंतरचं.

तो निघून तुले शोधायले जाणार होता. मी अडवलं. म्हटलं, तुझ्या आईनं जानेवारी मागितला हाय, तिले जानेवारी दे. थांबला. जेवला. संत्रे नेले.

मी बरं केलं की वाईट?

माया


जैसलमेर
२७ डिसेंबर २०२५

माया,

बरं केलं.

पत्र वाचल्यावर मी प्रशिकला फोन लावला. दोघंही बराच वेळ हॅलो हॅलो म्हणत राहिलो. तो म्हणाला, डिझेल आहे ना? मी म्हटलं, आहे. तो म्हणाला, हवा कमी केली ना? मी म्हटलं, केली. मग म्हणाला, "ये मग, सावकाश." चार मिनिटांबद्दल मी फोनवर काही बोलली नाही. ते बोलणं फोनवर मावणारं नाही.

आता खरं सांगते. मी फसली, आणि काळ्या मातीतल्या बाईनं फसावं तशी फसली. आपल्याकडे चिखलाखाली कुठंतरी कडक जमीन असते, म्हणून टणक टायर. इथं वाळूखाली वाळू असते, तिच्याखाली वाळू असते. जीप पहिल्याच टेकडीवर थांबली आणि चाकं फिरवली तशी खाली गेली, जशी काही तिला पाताळातच जायचं होतं. तुझा पराटीचा भारा टाकला, तो वाळूनं पापडासारखा खाल्ला. मी खणायची, वाळू भरायची. तीन दिवस आम्ही दोघींनी न थकता काम केलं.

तेराला सकाळी धापूबाई आली. माझ्याच वयाची, तीन उंट घेऊन पाण्यावर चालली होती. तिनं जीपला एक प्रदक्षिणा घातली, टायर काठीनं ठोकला आणि हसत खालीच बसली. "इत्ती हवा! गाड़ी है कि ढोल?" मला कळलं नाही. तिनं दोर काढला. आणि माया, इथं मी नको म्हणायला पाहिजे होतं. अट माझीच होती. पण डब्यात तळाशी दोन तांबे पाणी होतं. मी दोराचं दुसरं टोक स्वतःच्या हातानं पुढच्या हुकाला बांधलं.

उंटानं ओढलं. जीप हलली नाही. उंट रागावून मटकन बसला. बसताना त्यानं पाय टाकला आणि मला दिसलं. तो पाय रुततच नाही गं! नुसता पसरतो, तव्यावरच्या पोळीसारखा. टणक नाही, मऊ आहे. मी कपाळावर हात मारला, पाना घेतला आणि चारही चाकांची हवा सोडली. सूं सूं आवाज ऐकून उंट दचकून उठला, धापूबाई ओरडली, मी क्लच सोडला, आणि उकळत्या कढीतून गोळा वर यावा तशी जीप वर आली. आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडलो. उंट बाजूला तोंड करून उभा राहिला. माझं लिहून ठेवलेलं पत्र तिनं नेलं. मी खाली एक ओळ जोडली, वरचं काही बदललं नाही. लाज वाटत होती.

धापूबाईच्या मागोमाग पाण्यावर जाऊन डबे भरले. त्यानंतरचे दिवस तुला सांगू कशी? मऊ टायरांवर जीप वाळूतून चालत नाही, वाहते. टेकडीच्या डोक्यावर गेलं की समोर नुसतं आभाळ. गाडी पुढं झुकते आणि मग सरळ खाली. पहिल्या वेळी मी ओरडली. शब्द नव्हता, नुसतं ओरडणं. खाली पोहोचली, वळली, त्याच टेकडीवर पुन्हा चढली आणि पुन्हा ओरडली. एकाच टेकडीवरून नऊ वेळा. मग तिथंच भात टाकला.

पण मदत घेतली ती घेतली. मी हरली, माया. आली की चावी प्रशिकला देईन आणि बेसाला जाईन. पडदे हिरवे आहेत, होईल सवय.

प्रेमिला


भारसिंगी
२ जानेवारी २०२६

वहिनी,

तू येडी हाय. हवा काढल्यावर जीप निघालीच असती, उंट असो की नसो. धोंडबाजींचं बी हेच मत हाय, अन् त्यांचं माझं मत लग्न झाल्यापासून तिसऱ्यांदा जुळलं. तिथं कोण होतं पाहायले? धापूबाई नागपूरले येऊन साक्ष देणार नाही. उंट तर नाहीच नाही. साक्षीदार मी हाय, अन् मी म्हणते तू जिंकली. चूप राहा. एकदा तरी आयुष्यात चूप राहा.

वाडीची खोली सोडू नको वं. तुले बेसाच्या चौथ्या माळ्यावर खिडकीशी बसलेली मी पाहू शकत नाही.

माया


वाडी
१२ जानेवारी २०२६

माया,

निघालीच असती हे मलाही वाटतं. पण मी थांबून पाहिलं नाही ना. दोर बांधलेला होता. ज्या दिवशी मी स्वतःला फसवून जिंकेन, त्या दिवसापासून ती जीप चालवताना मला मजा येणार नाही. आणि मजेसाठीच तर सारं होतं.

काल रविवारी प्रशिक आला. मी सामान बांधून जीपमध्ये ठेवलं होतं. दोन बॅगा, पुस्तकांचे गठ्ठे, तुझ्या दादाचा पान्यांचा डबा. आधी त्याला उंटाची गोष्ट सांगितली, सगळी. तो म्हणाला, "हे मले काहून सांगितलं? मले कसं समजलं असतं?" मी म्हटलं, नसतंच समजलं. आणि चावी त्याच्या हातावर ठेवली. "चाल, बेसाले. तूच चालव. आता तुझी गाडी."

त्याचा चेहरा उतरला. पण बसला. बरोबर वाडी नाक्यावर, माया, गाडी बंद पडली. मागं ट्रकांची रांग, हॉर्नवर हॉर्न. त्यानं पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो पुढं पाहत राहिला. "इथंच, आई. त्या दिवशी बी इथंच."

मी सांगितलं. जे अडीच वर्षांत सांगितलं नव्हतं ते. त्या दिवशी मी मागं त्यांचं डोकं मांडीवर घेऊन, हात हातात धरून बसली होती. गॅरेजच्या फाटकातून जीप बाहेर पडली तेव्हाच तो हात गेला होता. मला कळलं होतं. नाका अजून पुढं होता. म्हटलं, तुझी चार मिनिटं त्यात नाहीत, प्रशिक. मी तेव्हा बोलली नाही, कारण तू चालवून राहिला होता. नंतर बोलली नाही, कारण मला वाटलं तुला माहीत आहे.

हॉर्न चालूच. मागच्या ट्रकमधून ड्रायव्हर उतरून आला, खिडकीत डोकं घातलं. "काय झालं गा भाऊ? धक्का देऊ का?"

आम्ही दोघंही एकदम ओरडलो, "नको!"

आणि हसायला लागलो. तो रडत हसला, मी हसत रडली, ट्रकवाला घाबरून मागं गेला. मग मी म्हटलं, क्लच सगळा दाब, आता हळू सोड, पाय काढू नको, पायाला सांग की अंडं आहे. निघाली. रिंग रोडनं, दुसऱ्या गिअरवर, तीसच्या वर नाही, सायकलवाले पुढं गेले. एखादं लग्न उरकेल इतक्या वेळात आम्ही बेसाला पोहोचलो.

त्यानं सोसायटीत जीप लावली. चावी काढून स्वतःच्या खिशात घातली, आणि मला वाटलं, झालं, संपलं. अबोली धावत खाली आली, बॅगा उचलायला लागली.

"ठेव त्या गाडीतच," प्रशिक तिला म्हणाला. "आई जेवून परत जाऊन राहिली. संध्याकाळी मीच सोडून देतो तिले वाडीले."

प्रेमिला